तिसरे लिंग आणि मराठी क्रियापद

पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने २०२२ साली तृतीयपंथीयांना सुरक्षारक्षक व ग्रीन मार्शल म्हणून कामे दिली. त्यांपैकी एकाच व्यक्तीविषयी लिहावयाचे झाल्यास 'रुजू झाला' लिहावे की 'झाली'? जी स्वतःस स्त्री मानते तिच्यापुरता प्रश्नच नाही. 'झाली' हेच योग्य होय. पेच आहे तो ज्यांस दोन्ही रूपे परकी वाटतात त्यांचा. मराठीस तिसरे लिंग आहेच, तेव्हा 'झाले' लिहावे, हा तोडगा वरकरणी सोपा. आम्हांस तो मान्य नाही. 'ते रुजू झाले' हे वाक्य वाचक आदरार्थी पुल्लिंगीच समजणार. आणि नपुंसकलिंगी समजलाच, तर ते 'मूल', 'लेकरू', 'कोकरू' यांच्या पंक्तीचे. कमावत्या प्रौढास तेथे बसविणे हा सन्मान नव्हे.

लिंग देहलक्षणांवरून ठरते, ही कसोटी पतंजलीने महाभाष्यात तपासली आणि खाट व वृक्ष यांची उदाहरणे देऊन अपुरी ठरविली. (आपली 'व्यक्ती' स्त्रीलिंगी आहे, याचा कोणा पुरुषास विषाद वाटल्याचे ऐकिवात नाही.) शिवाय मराठी क्रियापद सर्वत्र लिंग विचारीत नाही. 'मी आलो', 'मी आले' येथे ते विचारते. 'मी येईन', 'आम्ही आलो', 'तुम्ही आलात' येथे नाही. म्हणजे समोरासमोरच्या आदरयुक्त संभाषणात अडचण जवळजवळ नाही. ती उरते पाठीमागे बोलताना, आणि तेथे त्या व्यक्तीस विचारूनच रूप योजावे. कोल्हापूरकडील अनेक स्त्रिया 'मी आलो' म्हणतात. त्यांच्या स्त्रीत्वाविषयी तेथे कोणी शंका घेत नाही.