पगार आहे, खोली नाही

बाबूराव बागुलांच्या कथांविषयी लिहिताना समीक्षक बहुधा त्यांतील दाहाविषयी लिहितात. दाह आहेच. पण १९६३ साली प्रसिद्ध झालेला ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह यंदा पुन्हा वाचताना माझे लक्ष खिळले ते त्यातल्या हिशेबावर. नाशिकजवळच्या विहितगावी १९३० साली जन्मलेल्या आणि माटुंग्याच्या लेबर कँपात वाढलेल्या या लेखकाला रुपयाची किंमत ठाऊक होती. ती माणसागणिक बदलते, हेही ठाऊक होते.

शीर्षककथाच घ्या. नायकाला गुजरातेत उधन्याला रेल्वेत नोकरी लागते. पण खोली पाहायला जावे, तर आधी जातीची चौकशी. खिशातले पैसे खरे असूनही ते चालत नाहीत! मग तो जात लपवतो, छप्पर मिळवतो आणि त्याचे भाडे रोज भीतीने फेडतो. दिवाळीत उंबऱ्यावर पणती ठेवताना तो उंबरा आपलाच, हे आपण गृहीत धरतो. या माणसाला ती सोय नाही.

हे कुणी अतिरंजित म्हणेल, तर त्याने १९१७ सालचे बडोदे आठवावे. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेले आंबेडकर तेथे नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना पारशी नाव घेऊन पारशांच्या पथिकाश्रमात उतरावे लागले, आणि बिंग फुटताच तेथूनही निघावे लागले. पुढे मुंबईत त्यांनी गुंतवणुकीविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय मांडला. सल्लागार अस्पृश्य आहे असे कळल्यावर गिऱ्हाइके फिरकेनाशी झाली. विद्या होती, बाजार नव्हता. तिकडे अमेरिकेतही काळ्यांच्या वस्त्या नकाशावर तांबड्या रंगाने रंगवून त्यांना घरासाठी कर्ज नाकारले जाई. घरांच्या व्यवहारातल्या वर्णभेदाला तेथे कायद्याने बंदी झाली ती १९६८ साली.

कथेत दोष नाहीत असे नाही. बागुलांची विशेषणे कधीकधी एकमेकांना ढकलत येतात, पात्रे बोलता बोलता व्याख्यान देऊ लागतात. शेवटी मार खाल्लेला नायक मारणाऱ्यांपलीकडे मनूकडे बोट दाखवतो, तेथे माझी खरी तक्रार आहे. बोट योग्य दिशेला आहे. पण मनूला आरोपी केले की घरमालक हळूच सुटतो.

याच जिल्ह्यात मनमाडला १९३८ साली रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत आंबेडकरांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले होते. अस्पृश्याला हमालाची जागासुद्धा का मिळत नाही, याचे त्यांनी दिलेले कारण कुणाही कथाकाराने उचलावे असे आहे: हमालाला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागत! काळाराम मंदिराच्या दारापुढे १९३० पासून लढलेले दादासाहेब गायकवाडही पुढे १९५९ साली भूमिहीनांसाठी जमीन मागत सत्याग्रहाला उतरले. देवळाच्या दारापासून जमिनीच्या तुकड्यापर्यंतचा हा प्रवास ज्याला ठाऊक आहे, त्याला बागुलांची कथा निराळी दिसेल.

फराळाचे ताट बाजूला सारून कुणी हा संग्रह उघडलाच, तर त्याने नायकापेक्षा काशिनाथाकडे अधिक लक्ष द्यावे. तोही त्याच रेल्वेत, त्याच जातीचा. पण जात उघड सांगतो, चिडतो, भांडतो, आणि शेवटी सोडवायला धावून येतो तो तोच.