पर्वत की पठाराचा कडा? : सह्याद्रीच्या वर्णनपरंपरेची चिकित्सा (कडेगाव परिसराच्या संदर्भात)

प्रास्ताविक :
मराठी साहित्यात व भूगोलाच्या अध्यापनात सह्याद्रीचे वर्णन प्रामुख्याने 'पर्वत' म्हणून केले जाते. उत्तुंग शिखरे, अभेद्य कडे ही त्या वर्णनाची ठरलेली शब्दकळा होय. गोविंदाग्रजांच्या महाराष्ट्रगीताने तर दगडाचा कणखरपणा हीच या भूमीची ओळख ठरविली. ही परंपरा भावोत्कट असली, तरी भूशास्त्रीयदृष्ट्या ती कितपत यथार्थ आहे, हे तपासणे आवश्यक ठरते.

विवेचन :
'पर्वत' म्हणताच अभ्यासकासमोर हिमालय वा आल्प्स उभा राहतो. आल्प्स हा वलीपर्वत आहे. भूपट्टांच्या टकरीतून सागरतळाचे गाळखडक दुमडून उचलले गेले. माँ ब्लाँच्या गिरिपिंडात खोलवरचा ग्रॅनाइट वर येऊन सुमारे 4,800 मीटर उंची गाठतो. सह्याद्रीची घडण याहून सर्वस्वी भिन्न आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर जवळजवळ आडवे साचले. पुढे पश्चिमेकडील भूभाग खचून व झिजून पठाराची कड उघडी पडली. 1,646 मीटर उंचीचे कळसूबाई हे या महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखरही अशा थरांचेच बनलेले आहे. 'घाटमाथा' हा लोकभाषेतील शब्द म्हणूनच 'पर्वता'हून अधिक अचूक ठरतो. कोकणातून चढून आलेल्यास वर पठारच लागते.

कडेगाव तालुक्यात हा भेद प्रत्यक्ष दिसतो. देवराष्ट्रे परिसरातील सागरेश्वराचे डोंगर माथ्यावर सपाट व उतारावर पायऱ्यापायऱ्यांचे आहेत. ते वळीने उचललेले नसून झिजेतून उरलेले आहेत. घाटमाथ्यावरील महाबळेश्वरी वर्षाकाठी 5,000 मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पर्जन्यछायेतील कडेगावास त्याचा सुमारे दहावा हिस्साच लाभतो. अशा प्रदेशात दगडाचा प्रकार हा पाण्याचा प्रश्न असतो. येथील विहिरीचा अनुभवी खोदणारा मुरूम, मांजऱ्या व काळा पाषाण वेगवेगळे ओळखतो. झिजलेल्या, सच्छिद्र थरात पाणी मुरते. अखंड कातळात ते केवळ भेगांतून लाभते. 'कणखर' या एकाच विशेषणात हा भेद लोपतो.

साहित्यास भूशास्त्राचा मापदंड लावणे अन्यायाचे आहे, असा आक्षेप येथे घेतला जाईल. काव्यापुरता तो मान्य करावा लागेल. परंतु काव्यातील शब्दकळा वर्गात जशीच्या तशी उतरते, तेव्हा शेतकरी कुटुंबातील विद्यार्थ्यास आल्प्सच्या वळ्या पाठ होतात आणि स्वतःच्या विहिरीतील थर मात्र अपरिचित राहतात.

समारोप :
सारांश, सह्याद्रीस 'पर्वत' म्हटल्याने त्याचा गौरव वाढत नाही, 'पठाराचा कडा' म्हटल्याने तो उणावतही नाही. लोकभाषेतील घाटमाथा, मुरूम, मांजऱ्या या संज्ञांना भूगोलाच्या परिभाषेत स्थान मिळाल्यास वर्णन यथार्थ होईल आणि अवर्षणप्रवण तालुक्यातील अध्यापनास जमिनीचा आधार लाभेल.