वन्यजीवांच्या छायाचित्रातील चौकट आणि पार्श्वभूमी

बुधवार पेठेतील एखाद्या जुन्या वाड्याच्या गच्चीवरून घारीचे छायाचित्र घ्यावयाचे ठरविले, तर छायाचित्रकारापुढे तीन प्रकारची पार्श्वभूमी उभी राहते. एक कोरे आकाश. दुसरी तुळशीबागेतील राममंदिराचे शिखर. आणि तिसरी कौले, पत्रे, पाण्याच्या टाक्या व विजेच्या तारा यांची दाटी. छायाचित्रकारांच्या मंडळात ही तीन चित्रे मांडली असता पहिल्याचे 'स्वच्छ' म्हणून व दुसऱ्याचे 'सुंदर' म्हणून कौतुक होते. तिसऱ्याविषयी बहुधा एकच सूचना येते : तारा काढाव्यात आणि चौकट आवळावी. ही सूचना रूढ आहे, सोयीची आहे. परंतु ती समीक्षेच्या कसोटीला उतरते काय, हे पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम चौकट आवळण्याचा, म्हणजे छायाचित्रकार ज्याला 'क्रॉप' म्हणतात त्या कातरणीचा विचार करू जाता, तिच्याविरुद्ध एक जुना आक्षेप आढळतो. चौकट डोळ्यानेच निश्चित व्हावी, मागाहून कात्री चालविणे हा दुबळेपणा होय, असे मानणारा एक संप्रदाय आहे आणि आंरी कार्तिये-ब्रेसाँ याचे नाव त्याच्याशी जोडले जाते. (पॅरिसमधील साँ-लाझार स्थानकामागे १९३२ साली घेतलेले त्याचे सर्वांत गाजलेले चित्र मात्र कातरलेलेच आहे.) रस्त्यावरील माणसांच्या बाबतीत हा आग्रह एक वेळ शोभेल. वन्यजीवांच्या बाबतीत तो सरसकट लावणे अनिष्ट आहे. घरट्यावरील पक्षी चौकट भरून दिसावा म्हणून दहा पावले पुढे सरकणाऱ्याने पिलांवरचे छत्र उडवून लावलेले असते. दुरूनच चित्र घेऊन नंतर कातरणाऱ्याने पक्ष्याला निदान त्रास दिलेला नसतो. कातरणी ही येथे आळसाची खूण नसून अंतर राखण्याची किंमत आहे. ती किंमत मोजावी मात्र लागते. ६००० × ४००० बिंदूंच्या चित्राची रुंदी व उंची निम्मी केली की २४० लक्ष बिंदूंपैकी केवळ ६० लक्ष उरतात, आणि इंचाला ३०० बिंदू या मानाने छापल्यास दहा इंच रुंदीच्या पुढे ते चित्र जात नाही.

खरा प्रश्न किती कातरले हा नसून काय कातरले हा आहे. घारीचे शेपूट दुभागलेले असते, तर ब्राह्मणी घारीचे गोलसर. मुद्रेवर लक्ष वेधावे म्हणून शेपूट चौकटीबाहेर टाकणाऱ्याने पक्ष्याच्या ओळखीचे एक प्रमुख लक्षणच टाकून दिले, हे त्याच्या ध्यानातही येत नाही.

पार्श्वभूमीचा विषय याहून नाजूक आहे. ती निवडण्याची साधने थोडी व परिचित आहेत. भिंगाचे छिद्र मोठे ठेवावे, लांब पल्ल्याचे भिंग वापरावे, पक्षी व त्यामागील वस्तू यांत अंतर पडेल अशी जागा धरावी; अनेकदा दोन पावले बाजूला सरकल्यानेही काम भागते. रस्त्यावरून वर पाहून घेतलेल्या चित्रात उजळ आकाशापुढे घार काळवंडते. तिच्याच उंचीच्या गच्चीवरून पिसांचा तपकिरी रंग प्रकट होतो. हे सर्व शिकण्याजोगे आहे, आणि शिकविलेही जाते. परंतु या कौशल्याची परिणती बहुतेक ठिकाणी एकाच आदर्शात झालेली दिसते : मागे लोण्यासारखा गुळगुळीत हिरवा वा निळा पडदा, आणि पुढे प्राणी. असा प्राणी कोठेही असू शकतो. म्हणजेच तो कोठेच नसतो.

क्षेमेंद्राने काव्याचा प्राण म्हणून जे औचित्य सांगितले, त्याची येथे आठवण होते. अलंकार स्वतः सुंदर असून भागत नाही, तो स्थानी असावा लागतो. शिखरापुढची घार डोळ्यांना सुखावते, पण ते चित्र शहराचे झाले. घार त्यात अलंकारापुरती उरली. कोऱ्या आकाशातील घारीचे चित्र पक्षी ओळखण्याच्या पुस्तकास उपयोगी पडेल. तारांच्या दाटीतील घार मात्र आपल्या घरी आहे. कर्नल साइक्सने १८३२ साली दख्खनमधील पक्ष्यांची सूची प्रसिद्ध केली. तीत या घारीला दिलेले 'गोविंदा' हे नाव शास्त्रीय नामावलीत आजही टिकून आहे. माणसांच्या वस्तीवर, तिच्या उकिरड्यांवर व बाजारांवर उपजीविका करणाऱ्या या पक्ष्याच्या चित्रातून वस्ती पुसून टाकणे म्हणजे त्याचे चरित्रच पुसणे होय.

छायाचित्रणाच्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी २०१५ पासून लागू केलेली निसर्गचित्राची संयुक्त व्याख्या या बाबतीत स्थानिक मंडळांपेक्षा उदार आहे, हे नमूद करण्यासारखे आहे. चित्रात काही घालणे, हलविणे वा पुसणे तिला मान्य नाही. कातरणी मान्य आहे. मानवी खुणा तिने सामान्यतः वर्ज्य केल्या आहेत, परंतु माणसाने बदललेल्या परिसराशी जुळवून घेतलेल्या गव्हाणी घुबडासारख्या जीवांचा तिने स्पष्ट अपवाद केला आहे. म्हणजे तारा पुसून टाकण्याचा सल्ला नियमबाह्य ठरतो, आणि त्या राहू देणे मात्र नियमात बसते! भिगवणच्या रोहित पक्ष्यांनाही हेच लागू आहे. तेथील पाणी १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या फुगवट्याचे आहे. नावा व जाळी वगळून दाखविलेला थवा एखाद्या आदिम सरोवराचा आभास निर्माण करतो, आणि त्या जलाशयावर जगणारा मच्छीमार चित्रातून हद्दपार होतो.

राहिला सहकाऱ्यांच्या अभिप्रायाचा प्रश्न. छायाचित्रकाराच्या चित्तात पहाटेची थंडी, तासन्‌तासांची प्रतीक्षा हे सारे चित्राशी जडलेले असते. पाहणाऱ्यापुढे केवळ चौकट असते. म्हणून परक्या दृष्टीला मोल आहे. २०१७ च्या लंडनमधील प्रख्यात वन्यजीव स्पर्धेत पुरस्कार मिळविलेल्या मुंगीखाऊच्या चित्रातील प्राणी पेंढा भरलेला असावा, ही शंका परीक्षकांच्या नव्हे, बाहेरच्यांच्या नजरेतून निघाली आणि २०१८ साली चित्र बाद झाले. तथापि परकी दृष्टी ही अज्ञही असू शकते. जो घटनास्थळी नव्हता त्याला रेषांचा तोल कळतो. त्या रेषा तेथे का होत्या हे कळत नाही. 'तारा खुपतात' हा अनुभव प्रामाणिक आहे, 'तारा काढा' हा निर्णय मात्र उतावीळ आहे. या दोहोंमध्ये 'पक्षी तेथे काय करीत होता?' हा प्रश्न यावयास हवा, आणि तो क्वचितच विचारला जातो.

याचे एक कारण अगदी व्यावहारिक आहे. मंडळांपुढे येते ते कातरलेले चित्र. मूळ चौकट छायाचित्रकाराच्या घरीच राहते. दोन्ही शेजारी ठेवण्याची प्रथा पडली तर अभिप्रायाचे स्वरूपच बदलेल. बुधवार पेठेतील त्या तिसऱ्या चित्रात घारीची मान खाली वळलेली आहे. ती तारांपलीकडच्या गल्लीत काहीतरी हेरीत आहे, हे गल्ली कातरून टाकल्यावर कोणाला दिसणार?