तीस याद्यांतली मार्थाबाई

मार्था बॅलार्ड ही आजच्या अमेरिकेतल्या मेन राज्यातली सुईण. केनेबेक नदीकाठच्या हॅलोवेलमध्ये १७८५ ते १८१२ अशी सत्तावीस वर्षं तिने रोजनिशी लिहिली. हवा कशी होती, कोण बाळंत झालं, काय विणलं, कोण येऊन गेलं, एवढंच. लॉरेल थॅचर उलरिक यांनी या कोरड्या नोंदींवर १९९०मध्ये पुस्तक लिहिलं आणि त्याला पुलित्झर मिळालं. पुढे २०१०मध्ये कॅमेरन ब्लेव्हिन्स या इतिहासाच्या अभ्यासकाने त्याच सुमारे दहा हजार नोंदी ‘मॅलेट’ या संगणक-प्रणालीला वाचायला दिल्या. मला त्या वाचनाविषयी बोलायचं आहे.

या प्रणालीला इंग्रजी कळत नाही. कोणते शब्द पुन्हापुन्हा एकाच दिवसाच्या नोंदीत येतात, तेवढं ती पाहते आणि त्यांची टोळकी करते. ब्लेव्हिन्सने अशी तीस करून घेतली. एका यादीत बाग, घेवडा, मका, काकड्या, बटाटे, बियाणं, पेरणं. तिला ‘बागकाम’ हे नाव माणसाने दिलं. मग ही यादी महिन्यांवर मांडली, तर आलेख उन्हाळ्याकडे चढतो आणि थंडीत झोपतो. यात नवल काय, असं कोणी म्हणेल. नवल हेच, की ऋतू म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्या यंत्राच्या हाती ऋतुचक्र लागलं. शिवाय मार्थाबाईंचं शुद्धलेखन म्हणजे आनंदीआनंद! माणूस अडखळतो तिथे यंत्र अडत नाही. मृत्यूच्या यादीत ‘एक्स्पायर्ड’ दोन वेगवेगळ्या स्पेलिंगांनी शेजारीशेजारी बसलेला आहे.

पण सगळ्यात रसाळ यादी ‘भावने’ची. तीत नवरा, देव, कुटुंब, आयुष्य, अशक्तपणा. आणि ‘थकले’ दोनदा, दोन्हीकडे स्पेलिंग वेगळं, दोन्हीकडे चूक. ही यादी वयाबरोबर वाढत जाते आणि नवरा इफ्राइम कर्जापायी तुरुंगात गेला त्या १८०४च्या सुमारास उसळते. वाचताना गलबलून येतं. तरी जरा थांबावं. आजाराच्या यादीत ‘बरं नाही’ अशा अर्थाचा जो ‘अनवेल’ शब्द आहे, त्यात दोन ‘एल’ आहेत. भावनेच्या यादीत तोच शब्द एका ‘एल’चा. म्हातारपणी मार्थाबाईंची लिहिण्याची सवयच बदलली असेल, तर उतारवयाचे शब्द एकत्र येणारच, आणि आलेखाचा काही चढ मनाचा नसून लेखणीचा असेल. संशय माझा आहे, पण मूळ पानांकडे परत जायला लावतो, आणि या पद्धतीचा खरा उपयोग मला तिथेच दिसतो.

कारण मोजणीला एकदाच घडलेलं दिसत नाही. १७८९मध्ये रिबेका फॉस्टर या पाद्र्याच्या बायकोने गावच्या न्यायाधीशावर, जोसेफ नॉर्थवर, बलात्काराचा आरोप केला. तिने मार्थाबाईंजवळ मन मोकळं केलं होतं. खटल्यात मार्थाबाईंनी साक्षही दिली. नॉर्थ सुटला. रोजनिशीत या खटल्याच्या वाट्याला आलेल्या ओळी मोजक्याच, पण उलरिक यांनी त्यांच्याभोवती अख्खं प्रकरण उभं केलं. ब्लेव्हिन्सने मांडून दाखवलेल्या याद्यांत रिबेकाला जागा नाही, काकड्यांना आहे.