नमुना आणि प्रयोजन : ‘फॅब’ ह्या ग्रंथाचा पाबळच्या संदर्भात विचार

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील प्राध्यापक नील गेर्शनफेल्ड यांचा ‘फॅब’ हा ग्रंथ २००५ साली प्रसिद्ध झाला. संगणक ज्याप्रमाणे मोठ्या संस्थांच्या दालनांतून घरोघर आला, त्याचप्रमाणे वस्तू घडविण्याची साधनेही सामान्य माणसाच्या हाती येतील, हा ग्रंथाचा मुख्य सिद्धान्त होय. त्याचे मूळ ‘जवळजवळ काहीही कसे बनवावे’ ह्या, १९९८ साली सुरू झालेल्या अभ्यासक्रमात आहे. यंत्रशास्त्राची पूर्वपीठिका नसलेले विद्यार्थीही त्या वर्गाकडे ओढले गेले, आणि त्यांच्या उत्साहातून ग्रंथकाराला आपला विषय गवसला.

मराठी वाचकाला ह्या ग्रंथाविषयी विशेष जिव्हाळा वाटावा असे कारण आहे. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील पाबळ येथील विज्ञान आश्रमाचा व त्याचे संस्थापक डॉ. श्रीनाथ कलबाग यांचा निर्देश त्यात आदरपूर्वक आला आहे. २००२ साली तेथे फॅब लॅब उभी राहिली. त्या विद्यापीठाबाहेरील आरंभीच्या प्रयोगशाळांत तिची गणना होते. दुधाची प्रत पारखणारी आणि डिझेल इंजिन अधिक कार्यक्षमतेने चालविण्यास साहाय्य करणारी उपकरणे तयार करणे, ही तिच्यापुढील कामे होती.

तथापि येथेच एक प्रश्न उपस्थित होतो. पाबळचे यश यंत्रांमुळे आले की यंत्रे येण्यापूर्वीच्या शिक्षणामुळे? कलबागांनी हिंदुस्तान लिव्हरमधील संशोधनकार्य सोडून १९८३ साली आश्रम स्थापन केला. यंत्रे आली ती त्यानंतर १९ वर्षांनी. मधल्या काळात ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ ह्या उपक्रमाने शाळांतील आठवी ते दहावीच्या मुलांना आठवड्यातून एक दिवस सुतारकाम, जोडकाम, शेती, ऊर्जा व आरोग्य ह्या क्षेत्रांत प्रत्यक्ष कामाला लावले होते. गावाची खरी गरज भागविणे हा त्या शिक्षणाचाच भाग होता. म्हणजे गरज ओळखणारी दृष्टी आधी घडली आणि साधन मागाहून आले. ग्रंथात साधनांच्या वर्णनाला जितका विस्तार लाभला आहे, तितका ह्या क्रमाला लाभलेला नाही. हीच ह्या अन्यथा मौलिक ग्रंथाची उणीव म्हणावी लागेल.

ही उणीव केवळ ग्रंथापुरती राहती, तर तिची चर्चा करण्याचे कारण नव्हते. परंतु शीघ्र नमुनानिर्मितीचे प्रशिक्षण म्हणून आज जे वर्ग भरविले जातात, त्यांत तीच अधिक ठळकपणे दिसते. दुसऱ्याने रेखाटलेली आकृती संगणकावर उतरवून घ्यावयाची, यंत्राला द्यावयाची आणि दोन-तीन तासांनी रंगीत किल्लीसाखळी घेऊन घरी जावयाचे, ह्यात हात गुंततो. बुद्धी गुंततेच असे नाही. सुताराचा रंधा चुकला तर लाकूड तत्काळ तसे सांगते. थरावर थर चढविणारे यंत्र मात्र चुकीची आकृतीही तितक्याच निष्ठेने साकार करते. म्हणून चूक शोधण्याचे काम शिक्षणक्रमानेच हेतुपुरस्सर अंगावर घेतले पाहिजे.

पाबळ ज्या जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यातील, इंदापूर तालुक्यातील सणसर हे गाव उदाहरणादाखल घ्यावे. लगतच्या भवानीनगरला सहकारी साखर कारखाना आहे. भोवताली ऊस, पाण्याचे पंप आणि ठिबक संच. तेथील विद्यार्थ्याने ठिबक संचाचा फुटलेला जोड पुन्हा घडवावयाचा ठरविल्यास त्याला आतला व्यास मोजावा लागेल. जोड तयार झाल्यावर दाबाखाली तो दोन थरांच्या सांध्यातून झिरपू लागेल, आणि आडव्या दिशेच्या मानाने उभ्या दिशेला अशी वस्तू दुबळी असते, हे त्याला उमगेल. वर्गात सर्रास वापरले जाणारे पीएलए हे द्रव्य सुमारे ६० अंश सेल्सिअसला मऊ पडते; तेव्हा उन्हात तापणाऱ्या वस्तूसाठी त्याची निवड विचारपूर्वकच केली पाहिजे. अखेरीस दुकानातला तयार जोडच स्वस्त आणि टिकाऊ, ह्या निष्कर्षाप्रत तो आला, तरी ते प्रशिक्षण वाया गेले असे म्हणता येणार नाही. उलट ओतकामासाठी पॅटर्न करावयाचा झाल्यास हेच यंत्र मोलाचे ठरते; मात्र धातू निवताना आकसतो, त्या मानाने पॅटर्न मोठा धरण्याचे ज्ञान यंत्र पुरवीत नाही.

सारांश, गेर्शनफेल्ड यांनी साधने सर्वांच्या हाती येण्याची शक्यता समर्थपणे मांडली. त्या साधनांनी काय करावे हे ठरविणारा माणूस कसा घडतो, ह्याचे उत्तर मात्र कलबागांच्या कार्यात अधिक स्पष्टपणे सापडते. प्रशिक्षणवर्गाचे मूल्यमापन किती वस्तू छापून निघाल्या ह्यावरून करू नये. विद्यार्थ्याने कोणती गरज स्वतः हेरली, त्याची पहिली वस्तू कोठे फसली आणि दुसरी त्याने का बदलली, हे त्याला सांगता येते की नाही, हीच खरी कसोटी होय.