पान क्रमांक काढला तर

मराठीतल्या ऑनलाइन पाठांची परीक्षा घ्यायची असेल तर ती पुण्यात घेऊ नये, बेळगावात घ्यावी. पुण्यातल्या मुलाच्या हातात बालभारतीचे पुस्तक असते आणि यूट्यूबवरच्या गुरुजींच्या हातातही तेच. त्यामुळे पाठ कच्चा असला तरी पुस्तक त्याला सांभाळून घेते. आता खडेबाजारातल्या कापडदुकानात कामाला असलेल्या एखाद्या माणसाची मुलगी घ्या. शाळा मराठी माध्यमाची, इयत्ता दहावी, परीक्षा कर्नाटकाच्या एसएसएलसीची. पुस्तक मराठीतच आहे, पण छापलेले कर्नाटक सरकारने, आणि गणित-विज्ञानाला चौकट एनसीईआरटीची. ती फोनवर 'दहावी गणित मराठी' असे शोधते आणि पुढ्यात येतो महाराष्ट्राचा 'गणित भाग 1'. गुरुजी म्हणतात, पुस्तकाचे अमुक पान उघडा. ते पान तिच्याकडे नाही. एवढ्यानंतर त्या पाठात तिच्यासाठी काय उरते?

बहुतेक पाठांत फारसे काही उरत नाही. सुरुवातीला फिरणारे बोधचिन्ह आणि संगीत, मग 'नमस्कार विद्यार्थी मित्रांनो', मग चॅनेलला सबस्क्राइब करण्याचा आग्रह, आणि त्यानंतर पडद्यावर आलेला मजकूर संथ आवाजात वाचून दाखवणे. सर्वाधिक चालतात ते स्वाध्यायाचे पाठ. त्यांत प्रश्न वाचायचा, उत्तर वाचायचे, मुलांनी ते उतरवून घ्यायचे. याला शिकवणे म्हणणे म्हणजे गाइडला आवाज मिळाला म्हणून त्याला शिक्षक म्हणण्यासारखे आहे. निपाणीकडचे एखादे गुरुजी वर्गात 'काय करालायस रे' म्हणत पोराच्या वहीत डोकावतात, तेव्हा जी जवळीक असते तीही इथे नाही. कॅमेरा सुरू झाला की तेच गुरुजी एकदम आकाशवाणीच्या बातम्यांचा सूर लावतात. हे मी चेष्टेने लिहीत नाही. परक्या सुरात बोलणारा माणूस उदाहरणेही परकीच देतो.

आपल्याकडे या कलेला परंपरा नव्हती असेही नाही. पुण्यात 1984 मध्ये 'बालचित्रवाणी' सुरू झाली, उपग्रहाच्या जोरावर दूरदर्शनवरून शाळकरी मुलांसाठी कार्यक्रम देऊ लागली. त्यात बाहुल्या होत्या, नाट्य होते, गाणी होती. कधी ते बाळबोध वाटे, पण पडद्यावर काय दाखवायचे याचा विचार करणारी माणसे तिथे होती. पैशाअभावी 2017 मध्ये तिला कुलूप लागले. त्याच वर्षी 'दीक्षा' हे राष्ट्रीय व्यासपीठ सुरू झाले आणि महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड छापले जाऊ लागले.  चित्रीकरण जाणणारी संस्था गेली आणि ते काम जिल्हा परिषदेच्या शिक्षकाच्या अंगावर आले. त्याला नाव मिळाले 'तंत्रस्नेही'. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याच्या डिजिटल शाळेचा गवगवा आधीच झाला होता, कार्यशाळा झाल्या, प्रमाणपत्रे वाटली गेली. या कार्यशाळांत मोबाइलवर व्हिडिओ कसा जोडायचा ते शिकवले. पाठ कुठे थांबवायचा, मुलाला विचार करायला किती वेळ द्यायचा, हे मात्र कुणी फारसे शिकवले नाही.

रणजितसिंह डिसले यांचे उदाहरण इथे वेगळे काढावे लागते. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या या शिक्षकाला 3 डिसेंबर 2020 रोजी दहा लाख डॉलरचा 'ग्लोबल टीचर प्राइज' जाहीर झाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना देऊ केली. वर्तमानपत्रांनी ही बातमी क्यूआर कोडची म्हणून छापली. मला मात्र पुरस्काराच्या माहितीतला दुसराच तपशील महत्त्वाचा वाटतो. तिथल्या मुलांची घरची भाषा कन्नड होती, म्हणून डिसले कन्नड शिकले आणि कोडमागच्या कविता, गोष्टी, पाठ त्यांनी मुलांना समजेल अशा भाषेत दिले. म्हणजे पहिला प्रश्न होता, हे मूल कोण आहे. यंत्राचा विचार नंतर आला. बेळगावच्या मराठी मुलासाठी हाच प्रश्न उलट बाजूने कुणी विचारलेला दिसत नाही.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरचा कोगनोळीचा नाका बिनदिक्कत ओलांडणारे पाठही मराठीत आहेत. अरविंद गुप्ता यांच्या छोट्या फिल्म पाहा. काही मिनिटांत दोन हात, एक झाडूची काडी, सायकलच्या ट्यूबचा तुकडा, आणि हलणारे, वाजणारे, उडणारे खेळणे तयार. चेहरा नाही, सूचना नाहीत, इयत्ता नाही. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत राहून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम मराठीसह अनेक भाषांत केले. 20 जुलै 2020 पासून सह्याद्री वाहिनीवर आलेल्या 'टिली मिली'चीही जात तीच. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने पहिली ते आठवीसाठी केलेल्या या मालिकेत पुस्तक वाचून दाखवणे नव्हते, घरातल्या वस्तू घेऊन आईवडिलांबरोबर काहीतरी करून पाहायचे होते. डिशवर सह्याद्री दिसते त्या बेळगावच्या घरातही तो पाठ पुरा पोचू शकत होता.

पण एवढ्यावर खूश होणे सोपे आहे. खेळण्यांनी कुतूहल जागे होते, एसएसएलसीचा पेपर सुटत नाही. दहावीच्या मुलीला तिच्याच पुस्तकातले, तिच्याच क्रमाने, मराठीत समजावणारे कुणीतरी हवे असते. शाळा बंद होत्या तेव्हा, ऑगस्ट 2020 मध्ये, कर्नाटकाने 'विद्यागम' सुरू केले. शिक्षक देवळाच्या आवारात, झाडाखाली, कट्ट्यावर मुलांना गोळा करून शिकवू लागले. कोरोनाच्या भीतीने ऑक्टोबरात ते थांबवावे लागले. त्या दिवसांत सीमाभागातल्या मराठी शिक्षकांनी व्हॉट्सअॅपवर आवाजाच्या फिती पाठवल्या, वहीवर गणित सोडवतानाचे हात चित्रित केले. त्यांतले काही पाठ माझ्या कानावर आले. गडबडीत केलेले, मागे कुकरची शिटी, पण शिक्षक चुकतो, खोडतो, 'थांबा, परत बघू' म्हणतो. मराठी ऑनलाइन पाठात हे 'परत बघू' फार दुर्मीळ आहे. ते पाठ फोनची जागा भरल्यावर पुसले गेले. ते जपणे ना एका सरकारचे काम होते, ना दुसऱ्याचे.

ते जपावे असे कुणाला वाटले नाही, यामागे समीक्षेचा अभावही आहे. नाटकाचे परीक्षण येते, दिवाळी अंकाचे येते, गाण्याच्या मैफलीचे येते. पाठाचे कुणी लिहीत नाही. तंत्रज्ञानावर शिक्षक लिहितात ते 'कसे करावे' या थाटात, आणि एकमेकांच्या पाठाखाली टाळ्यांची चित्रे ठेवून पुढे जातात. माझा अमुक पाठ मुलांना कळला नाही, का कळला नाही, असे लिहिणारा शिक्षक मला तरी क्वचितच वाचायला मिळाला. सावित्रीबाईंपासून शिक्षकी पेशाचा अभिमान मिरवणाऱ्या भाषेत ही उणीव खटकते.

निपाणीला तर या पान क्रमांकाची गंमतच होते. देवचंद महाविद्यालय कर्नाटकातल्या निपाणीला लागून, पण अर्जुननगरात, म्हणजे कागल तालुक्यात, महाराष्ट्रात. निपाणीत एसएसएलसी झालेला मुलगा अकरावीला तिथे नाव घालतो तेव्हा गाव तेच राहते, अभ्यासक्रमाचे राज्य मात्र बदलते. त्या वर्षी यूट्यूबवरचे मराठी गुरुजी म्हणतात ते पान त्याला पहिल्यांदाच पुस्तकात सापडते, आणि मग लक्षात येते की गुरुजी ते नुसते वाचूनच दाखवत आहेत.