बटण दाबलं, पण प्रश्न पडला का?

पेट-नेटच्या तयारीत 'चल' म्हणजे व्हेरिएबलची व्याख्या आपण सगळेच पाठ करतो. आज तीच व्याख्या मुलांच्या विज्ञान संग्रहालयात नेऊन बघू. आपल्या सोलापुरात केगावला विज्ञान केंद्र आहेच. माझी टीका मात्र कुठल्या एका केंद्रावर नाही. 'हाताळा आणि शिका' म्हणून सगळीकडे मांडतात त्या बटणवाल्या उपकरणांवर आहे.

शाळेच्या सहलीत मी असंच एक उपकरण पाहिलं होतं. काचेच्या पेटीत मोटर, बाहेर लाल बटण. दाबलं की फिरायची, सोडलं की थांबायची. मागून बाई म्हणाल्या, "चला, पुढे चला." मला कळलं एवढंच, की मोटर फिरते. ते तर घरच्या पंख्यावरूनही माहीत होतं.

आता दुसरी मोटर घ्या. अरविंद गुप्ता यांच्या पुस्तकांत आणि व्हिडिओंत ती सापडेल. ते २०१४ पर्यंत पुण्यात 'आयुका'च्या मुलांच्या विज्ञान केंद्रात, मुक्तांगण विज्ञान शोधिकेत होते. एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक आणि वाइंडिंगच्या दुकानात मिळते त्या तांब्याच्या तारेचं वेटोळं. गंमत तारेच्या टोकांत आहे. एका टोकावरचं इनॅमल पूर्ण खरवडायचं, दुसऱ्याचं फक्त अर्ध्या बाजूचं.

मुलं हमखास दोन्ही टोकं पूर्ण खरवडतात. मग वेटोळं बहुतेक वेळा नुसतं डुलतं आणि थांबतं. कारण अर्ध्या फेरीनंतर बल उलट्या दिशेने लागतं. अर्धं इनॅमल ठेवलं की तेवढा वेळ वीज बंद राहते आणि वेटोळं आपल्याच वेगाने पुढे निघून जातं. म्हणजे शिकवलं कोणी? बिघडलेल्या मोटरने! पहिल्या उपकरणात मुलाला बदलता येईल असा चल एकच होता: बटण चालू की बंद. इथे तारेचे वेढे, चुंबकाचं अंतर, खरवडण्याची बाजू, सगळंच बदलता येतं.

पण घरगुती खेळण्यांचंही आंधळं कौतुक नको. 'पायरी एक, पायरी दोन' करत चाळीस मुलांकडून एकसारखी चाळीस खेळणी करून घेतली, तर ती हस्तकलेची तासिका झाली. तिथेही चल गायबच. साहित्य स्वस्त असलं म्हणजे प्रयोग खुला झाला, असं नाही.

फ्रँक ओपेनहायमर या भौतिकशास्त्रज्ञाने १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत 'एक्स्प्लोरेटोरियम' सुरू केलं, तेव्हा उपकरणं बनवायची कार्यशाळा लोकांना दिसेल अशी उघडी ठेवली. मला यातली मोठी गोष्ट वाटते ती ही: दुरुस्ती लपवलेली नाही. आपल्याकडे उद्घाटनाला पैसे मिळतात, पण स्क्रू पिळणाऱ्या माणसाच्या पगाराचं काय? तो नसला की 'बंद आहे'ची पाटी लागते आणि बटणही मुकं होतं.

मग आपल्या गावात असं केंद्र कुठून सुरू करायचं? मी जॅकार्डपासून करेन. सोलापुरी चादरीची नक्षी पुठ्ठ्याच्या कार्डांवरून येते. भोक असेल तिथला उभा धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. मुलाला एक कोरं कार्ड आणि पंच द्या. एक भोक चुकलं तर नक्षीत काय बिघडेल, याचा अंदाज आधी वहीत लिहायला लावा आणि मगच विणा. दुरुस्तीला माणूसही इथेच सापडेल. माग चालवणारी घरं या शहरात आहेत.

तुम्ही पुढच्या वेळी एखादं विज्ञान केंद्र बघाल, तेव्हा प्रत्येक उपकरणाला तीन प्रश्न विचारा. यात मला काय बदलता येतं? माझा अंदाज चुकू शकतो का? आणि हे बिघडलं तर उघडणार कोण? आणि हो, हेच तीन प्रश्न स्वतःच्या संशोधन आराखड्यालाही विचारा. मी माझ्या आराखड्याला ते उशिरा विचारले, आणि पहिलं वर्ष बटण दाबण्यातच गेलं.